केस गळतीचं बिल

पोस्ट मोठी आहे. कांदा भरून झाल्यावर, निवांत वाचा.

बावीस वर्षं बातमीदारी करतोय. बिबट्या, कांदा, ऊस, घोड नदीचं पाणी, अष्टविनायक रस्त्यावरचे अपघात, ग्रामपंचायतीची भांडणं, सगळं लिहून झालं. केसांवर लिहायची वेळ कधी आली नव्हती. आपल्याकडं केस हा चेष्टेचा विषय. पारावर ज्याचं टक्कल त्याला टोपणनाव ठरलेलं. मात्र त्या टकलामागं घरात किती पैसे गेले, हे पारावर कुणी बोलत नाही. दवाखान्याचं कर्ज माणूस सांगतो, केसांचं कर्ज लपवतो. म्हणून म्हटलं, आपणच बोलू.

मागच्या वर्षी गणपतीत माझ्या भाचीला डेंग्यू झाला. पोरगी एकवीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. बरी झाली, कॉलेजला जायला लागली. दिवाळी उलटली आणि केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे, तर फणी फिरवली की मुठीत गुंता. न्हाणीघराच्या जाळीत पाणी तुंबायला लागलं. बहिणीचा फोन, "दादा, पोरगी जेवत नाय रे. आरशापुढनं हलत नाय. काय तरी कर." दाजींनी मोबाइलवर जाहिरात बघितली होती, पुण्यातलं केसांचं क्लिनिक, पहिली तपासणी मोफत. मी बरोबर गेलो. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. नाव लिहून उपयोगही नाही, असली दुकानं गल्लोगल्ली आहेत.

आत एसी, काचेची टेबलं, पांढरा कोट घातलेली एक मुलगी. तिनं भाचीच्या डोक्यावर छोटा कॅमेरा फिरवला. समोरच्या पडद्यावर टाळू दिसायला लागली, इतकी मोठी की कुणालाही वाटावं आपलं रान ओसाड पडलंय. मग हिशेब सुरू झाला. रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लाझ्मा टाळूत टोचायचा, त्याला पीआरपी म्हणतात. अशा आठ बैठका, एक सीरम, गोळ्या, शॅम्पू. एकूण बावन्न हजार. "आज भरलेत तर छत्तीस हजार, सर. ईएमआय पण आहे. नऊ हप्ते, चार हजारांचा एक."

मी विचारलं, डॉक्टर कुठं आहेत? म्हणाली, मॅडम आज दुसऱ्या शाखेत आहेत. मी विचारलं, ताप कधी आला होता, हिमोग्लोबिन किती, हे तुम्ही विचारलंच नाही? तर म्हणाली, ते पॅकेज सुरू झाल्यावर बघतो.

बहीण खाली मान घालून बोटांवर मोजत होती. ती काय मोजत होती ते मला कळत होतं. त्या आठवड्यात मंचरला कांदा दहा किलोला एकशे वीस. छत्तीस हजार म्हणजे तीन हजार किलो. पन्नास किलोची पिशवी धरली तर साठ पिशव्या. तेही काढणी, वाहतूक, हमाली, तोलाई जायच्या आधी. घरी जाऊन विचार करतो म्हणालो आणि उठलो. जिना उतरेपर्यंत त्या मुलीचे दोन फोन आले. सवलत आणखी तीन हजारांनी वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मंचरला चामडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कॅमेरा काढला नाही. पहिला प्रश्न विचारला, मागच्या तीन महिन्यांत काही आजार? मग पाळी, जेवण, वजन, घरात कुणाला थायरॉइड. रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं ८.९. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी, तीही तळाला. थायरॉइड व्यवस्थित. डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग विश्रांती घेतो, मग गळतो आणि त्या जागी नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा त्यातलाच भाग. जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, मोठा धसका असं काही झालं की एकाच वेळी भरपूर केस विश्रांतीला जातात. गळतात मात्र लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. म्हणून गणपतीतला ताप आणि दिवाळीनंतरची गळती यांचं नातं घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. मूळ शाबूत असतं. कारण गेलं, लोह भरलं, की केस येतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीनं.

फी, तपासण्या, चार महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या, दुसरी भेट, सगळं धरून चार हजारांच्या आत. आता शेवगा, खजूर, बाजरीची भाकरी चालू आहे आणि कपाळाजवळ बारीक केस उभे राहिलेत, कोंबडीच्या पिलासारखे. तिनंच ही उपमा दिली. मामानं पोस्टमध्ये लिहिली म्हणून ती आता माझ्यावर चिडणार.

यातली खरी मेख लक्षात घ्या. छत्तीस हजारांचं पॅकेज घेतलं असतं तरी सहा महिन्यांनी केस आले असते. कारण ते येणारच होते. श्रेय मात्र त्या आठ सुयांना गेलं असतं. बहिणीनं शेजारणीला सांगितलं असतं, शेजारणीनं भावजयीला, आणि गावातून अजून चार पोरी त्या जिन्यावर चढल्या असत्या. पीआरपी सगळ्यांनाच निरुपयोगी असं माझं म्हणणं नाही, काही जणांना डॉक्टर विचार करून देतात. माझं म्हणणं एवढंच, की निदान आधी आणि दर नंतर. इथं दर आधी सांगितला जातो, निदान कुणी करतच नाही.

आणि हे निदान आपल्या दाराशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. आपल्या घरात चार बाया असतील तर दोघींना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत झालेत. म्हणजे गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडं असल्यानं तिथं हा निर्णय लागू नाही, तरी तिथला खर्च खासगीच्या मानानं काहीच नाही. हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासतात, लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांनी तोंडाला गंजाची चव येते, शौचाला काळं होतं, म्हणून आपल्या बाया चार दिवसांनी डबी माळ्यावर टाकतात. आणि केस गळाले की हजार रुपयांचं तेल मागवतात.

तेलावरून आठवलं. मोबाइल उघडला की गुडघ्यापर्यंत केस असलेल्या बाया आणि काळी बाटली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. त्यातले आजार आमच्या औषधानं बरे होतात असा दावा औषध विकणाऱ्याला करता येत नाही. त्या यादीत कॅन्सर, दमा आहे तसं टक्कल आहे आणि नवे केस उगवणं हेही आहे. कायदा इतका जुना, आणि जाहिरात आजची. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टकलावर तेल लावायचं फुकट शिबिर भरलं. तेल लावून डोकं धुतलं, ते पाणी डोळ्यांत गेलं आणि साठहून जास्त लोक सुजलेले डोळे घेऊन सरकारी दवाखान्यात. तेल फुकट होतं, उपचार झाले डोळ्यांवर.

आता मुलांकडं येतो. हे जास्त अवघड आहे.

आपल्या भागात तीस-पस्तिशीची बिनलग्नाची पोरं किती आहेत, हे मी सांगायला नको. जमीन आहे का, नोकरी आहे का, पुण्यात फ्लॅट आहे का, या यादीत आता केसही आलेत. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा एक ओळखीचा मुलगा, नाव लिहीत नाही, महिन्याला सतरा हजार. दोन स्थळं परत गेल्यावर त्यानं सत्तर हजारांचं कर्ज काढून केस लावून घेतले. मागचे केस पुढं लावतात, एकेका मुळाचा दर असतो, त्याला ग्राफ्ट म्हणतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण उपचारांना करमाफी आहे, पण हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्या माफीतून बाहेर ठेवलीय. विम्यात बसत नाही. गंमत बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पू आणि केसांच्या तेलावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पोराच्या बिलात त्याचा उपयोग शून्य.

आणि ते सत्तर हजार भरून काम संपत नाही, हे त्याला नंतर कळलं. बाकीचे केस टिकवायला मिनॉक्सिडिल रोज लावावं लागतं. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्यावर लावायचं औषध झालं, १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. काहींना चांगला गुण येतो. पण लावायचं थांबवलं की मिळवलेले केस काही महिन्यांत परत जातात. बाटली महिनाभर पुरते. पाचशेची धरली तरी वर्षाला सहा हजार, दहा वर्षांत साठ. वयोमानाचं, बापाकडनं-आईकडनं आलेलं टक्कल असेल तर हा खर्च जन्माचा आहे, ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या पाया पडा. दुसरं औषध फिनास्टेराइड, ते स्वतःच्या मनानं कुणी घेऊ नये, आणि मूल होण्याच्या वयातल्या बायांनी तर हातही लावू नये.

पैसे गेले तर परत मिळवता येतील. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाच्या डोक्यावर एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावले गेले आणि त्यानंतर तो वारला. २०२५ मध्ये कानपूरहून दोन इंजिनिअरांच्या मृत्यूची बातमी आली, तीही केस लावून घेतल्यानंतरची. मधे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनंच करावी, यूट्यूब बघून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून शिकलेलं पुरेसं नाही. सरकारी कागदात यूट्यूबचा उल्लेख करावा लागला, यावरून काय चाललंय त्याचा अंदाज करा.

मुलींचं बोलायचं तर आपल्याकडं बाईच्या केसांवर तिच्याआधी समाजाचा हक्क. एके काळी विधवेचे केस काढायला घरात नाभिक बोलवायचे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी, आम्ही हे काम करणार नाही, असं ठरवलं, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी गोष्ट. आज कुणी वस्तरा घेऊन येत नाही. पण बाईच्या डोक्यावर केस नसले की काय होतं, हे शेगाव तालुक्यानं बघितलंय.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी, जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला, बुलढाणा जिल्ह्यात शेगावजवळच्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीनं हातात यायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, बाया, कॉलेजच्या पोरी, लहान मुलं. अठरा गावं, २७९ माणसं. आपण इथं मोबाइलवर ते व्हिडिओ बघितले, काहींनी हसायच्या स्मायली टाकून पुढं पाठवले. मला आमच्याच ग्रुपवर तीनदा आला.

सुरुवातीला शॅम्पूवर संशय, मग बुरशीवर. पाणी तपासलं तर त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. आयसीएमआरची पथकं आली, नमुने घेऊन गेली. तेव्हा बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव हे केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होते, म्हणजे खातं घरचंच. गावं अहवालाची वाट बघत होती. तोवर महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हात घातला. विंचूदंशावरच्या उपचारानं कोकणातले हजारो जीव वाचवणारे, २०२२ चे पद्मश्री, आणि डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसवर उघड बोलणारे हेच ते बावस्कर. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा, की गव्हात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य फार जास्त आहे. रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट निघालं. शिवाय जस्त कमी. गहू आला पंजाब-हरियाणाकडून, रेशन दुकानातून. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे शेती संशोधकांना जुनं माहीत आहे. चीनमध्ये एन्शी भागात १९६० च्या दशकात याच सेलेनियमनं लोकांचे केस आणि नखं गेली होती. बोंडगावकडंही एप्रिल २०२५ मध्ये नखं गळायला लागल्याच्या बातम्या आल्याच.

बहुतेकांचे केस पुढं परत उगवले. पण मधल्या काळाचं बिल बघा. आधी गळाले म्हणून उरलेले भादरून घेतले. पोरींचं कॉलेज सुटलं, सोयरिकी अडल्या. कामाचे खाडे पडले, औषधांना, शॅम्पूला पैसे गेले. ज्या माणसानं फुकट मिळतो म्हणून रेशनचा गहू खाल्ला, त्यानं हे सगळं स्वतःच्या खिशातून भरलं. अशा घराला पुण्यातल्या क्लिनिकनं आठ सुयांचं पॅकेज दिलं असतं तर? टाळूत सुया, आणि विष पिठाच्या डब्यात.

म्हणून मला हा विषय चेष्टेचा वाटत नाही. केस हे शरीराचं बाहेर टांगलेलं वहीचं पान आहे. आत काय घडलं ते दोन-तीन महिन्यांनी तिथं लिहून येतं. एका गावात एकाच महिन्यात पाच बायांचे केस गळायला लागले तर ती ब्युटी पार्लरची बातमी नाही, आशाताईंच्या रजिस्टरची बातमी आहे. आपल्याकडंही रेशनला गहू येतो. आमच्या दुकानदाराला विचारलं, तपासून येतो का? म्हणाला, "पोत्यावरचा शिक्का बगतो, आतलं मला काय म्हायती." त्याचं बरोबर आहे, ते त्याचं कामच नाही. ज्यांचं काम आहे त्यांच्याकडं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. गोदामात येणाऱ्या गव्हाचे नमुने कधी घेतले, कोणत्या घटकांसाठी तपासले, बुलढाण्यानंतर सेलेनियम त्यात धरलं का, असे तीन प्रश्न. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकीन.

एक गोष्ट राहिली. गळलेल्या केसांनाही भाव असतो. आमची आई फणीतले केस बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायची. वर्षातून दोनदा केसांवर भांडी देणारी बाई यायची, ते गुंडाळे तोलायची आणि एखादं पातेलं, चमचे देऊन जायची. आता मोटारसायकलवर स्पीकर लावून येतात. कालच गेले आमच्या गल्लीतून. तिरुमलाच्या केसांचा तर लिलाव होतो. हे सगळे केस पुढं वीग होऊन विकले जातात. कवठे हे तमाशाचं गाव, मोमीन कवठेकरांचं गाव, आम्हाला टोप नवा नाही. पण ज्या घरात केमो चालू आहे तिथं विचारा. बाईला टोप हवा असतो, आणि डोळे पांढरे होतील असा भाव ऐकून ती ओढणी बांधून बसते. देवाला वाहिलेले, फटीत खोचलेले, पातेल्यावर दिलेले केस फिरून तिच्यापर्यंत येतात तेव्हा कितीला येतात, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. त्यावर वेगळं लिहीन.

आता काम. शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागातल्या कुणी केसांच्या पॅकेजला पैसे भरले असतील, हप्ते चालू असतील, गुण आला असेल किंवा नसेल, तर बिलाचा फोटो मेसेंजरवर पाठवा. पावतीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं आधी बघा. पावतीच दिली नसेल तर तसं लिहा. तुमचं नाव छापणार नाही, गावाचंही नाही. आणि बोंडगाव-कालवडकडचं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर सांगा, रेशनचा गहू आता कुठला येतोय.